प्रश्न परत कसा जातो?

१. पालकांचा प्रश्न

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेजच्या ऑफिसबाहेर उभे असलेले पालक फी विचारतात, होस्टेल विचारतात आणि मग विचारतात, "वर्ग स्मार्ट आहेत ना?" रायपूरमध्ये हा प्रश्न विचारायला जागा भरपूर आहेत. नागपूरहून हावड्याकडे जाणारी गाडी पाचेक तासांत या शहरात पोचते. भोसल्यांच्या काळापासून इथं मराठी घरं आहेत. शहरातून जाणाऱ्या ग्रेट ईस्टर्न रोडवर एनआयटी आणि पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ आहे. नवा रायपूरच्या बाजूला आयआयएम, विधी विद्यापीठ आणि ट्रिपल आयटी आहे. सगळीकडे प्रोजेक्टर, वाय-फाय, कॅमेरे आणि हजेरीची यंत्रं दिसतात.

पालकांचा प्रश्न रास्त आहे, कारण मुलाच्या शिक्षणावर ते आयुष्यातली मोठी रक्कम लावत असतात. पण 'स्मार्ट' या शब्दावरून काहीच कळत नाही. त्यापेक्षा वर्गातलं कुठलंही यंत्र एका साध्या कसोटीवर पारखता येतं. शिकवण्याला दोन वाटा लागतात. एक जाणारी वाट, जिच्यावरून शिक्षकाचं बोलणं, चित्र, सूत्र विद्यार्थ्यापर्यंत पोचतं. दुसरी येणारी वाट, जिच्यावरून विद्यार्थ्याचं "समजलं नाही" शिक्षकापर्यंत परत येतं. पहिली वाट रुंद करायला गेल्या पन्नास वर्षांत आपण प्रचंड पैसा आणि बुद्धी लावली. दुसरीकडे मात्र फार उशिरा लक्ष गेलं, आणि अजूनही पुरेसं गेलेलं नाही असं माझं मत आहे. या गोष्टीचा एक मोठा अध्याय रायपूरच्याच परिसरात घडला आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करू.

२. आकाशातला गुरुजी, १९७५

१ ऑगस्ट १९७५ रोजी रायपूर, दुर्ग आणि बिलासपूर या जिल्ह्यांतल्या निवडक गावांमध्ये थेट उपग्रहावरून टीव्ही दिसू लागला. हे जिल्हे तेव्हा मध्य प्रदेशात होते. त्या वेळी देशातल्या मोजक्याच शहरांत दूरदर्शन होतं, आणि इथं खेड्यातल्या लोकांसमोर चित्र हलत होतं. प्रयोगाचं नाव 'साइट', म्हणजे उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा दूरचित्रवाणी प्रयोग. मध्य प्रदेशाबरोबर राजस्थान, बिहार, ओरिसा, आंध्र प्रदेश आणि कर्नाटक धरून सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं त्यात होती, म्हणजे प्रत्येक राज्यात चारशेच्या आसपास.

कल्पना विक्रम साराभाईंची. १९६९ मध्ये भारताच्या अणुऊर्जा खात्याचा अमेरिकेच्या 'नासा'शी करार झाला आणि त्यांचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी आपल्या वाट्याला आला. साराभाई १९७१ मध्ये गेले. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राचे प्रमुख यश पाल यांनी काम पुढे नेलं, आणि या प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक होते कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ चिटणीस.

यातलं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर होता. या उंचीवर उपग्रहाला पृथ्वीभोवती एक फेरी मारायला एक दिवस लागतो. पृथ्वीही तेवढ्याच वेळात स्वतःभोवती फिरते, त्यामुळे जमिनीवरून पाहिलं तर तो एकाच जागी थांबलेला असतो आणि अँटेना एकदा त्याच्याकडे रोखली की हलवावी लागत नाही. पण इतक्या उंचीवरून येणारा संदेश फार क्षीण असतो. त्यावर दोन उपाय होते. एक, उपग्रहावरच नऊ मीटर व्यासाची, अवकाशात गेल्यावर उलगडणारी मोठी अँटेना. दुसरा, गावात तीन मीटर व्यासाची, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची डिश. संदेशाच्या लहरींची लांबी ३५ सेंटीमीटर होती. जाळीची भोकं लहरींपेक्षा खूपच लहान असली की लहरींच्या दृष्टीनं जाळी म्हणजे सलग पत्राच. म्हणून महाग धातूचा पत्रा लागला नाही आणि वाऱ्याचा जोरही जाळीतून निघून जाई. आज घराच्या गच्चीवरची डिश ६० सेंटीमीटरची असते, कारण आता वापरात असलेल्या लहरी फक्त अडीच सेंटीमीटरच्या आहेत. लहान लहर गोळा करायला लहान भांडं पुरतं.

रोज चार तास कार्यक्रम असत. सकाळचा दीड तास शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळचे अडीच तास मोठ्यांसाठी. सकाळच्या दीड तासात हिंदी, ओडिया, तेलुगू आणि कन्नड अशा चार भाषा बसवायच्या होत्या. ९० मिनिटं भागिले चार म्हणजे एका मुलाच्या वाट्याला साडेबावीस मिनिटं. त्यातही रायपूरच्या गावात घरी छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलासमोर तीन राज्यांसाठी मिळून बनवलेला हिंदी कार्यक्रम येई.

जाणारी वाट अशी भव्य होती. येणारी वाट? उपग्रहाच्या बाजूनं शून्य. गावातला संच फक्त ऐकणारा होता. मुलाला शंका आली तर ती त्या जाळीच्या डिशमधून वर जाऊ शकत नव्हती. प्रयोग करणाऱ्यांना याची पूर्ण जाणीव होती आणि त्यांनी ती उणीव माणसं पाठवून भरून काढली. समाजशास्त्रज्ञ गावोगाव फिरून पाहणी करत, काही मानववंशशास्त्रज्ञ तर गावातच राहिले. कोण बघतं, कोण उठून जातं, काय कळतं, काय कळत नाही याच्या नोंदी अहमदाबादला जात. मला साइटचा हा भाग उपग्रहाइतकाच मोठा वाटतो.

सर्वांत चांगला परिणाम कुठं दिसला हेही बघा. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचं प्रशिक्षण दोन फेऱ्यांत दिलं गेलं, एकेक फेरी १२ दिवसांची, दोन्ही मिळून सुमारे ५० हजार शिक्षक. त्यांच्यासमोर नुसता टीव्ही नव्हता. छापील पुस्तिका होत्या, रेडिओवर शंकांची उत्तरं होती, हातानं करायचे प्रयोग होते आणि प्रत्येक केंद्रावर एक मार्गदर्शक होता. म्हणजे टीव्हीच्या शेजारी येणारी वाट मुद्दाम बांधली होती.

वर्ष संपलं, ३१ जुलै १९७६ ला प्रयोग थांबला आणि उपग्रह पुन्हा अमेरिकेच्या बाजूला सरकला. १९७७ मध्ये रायपूरला जमिनीवरचं दूरदर्शन प्रक्षेपण केंद्र सुरू झालं. शिक्षणासाठी आलेला टीव्ही असा या भागात कायमचा राहिला.

३. अर्ध्या सेकंदाची शांतता

मग उपग्रहावरून प्रश्न परत पाठवता येतोच की नाही? येतो, पण त्याला वेळ लागतो. हिशेब सोपा आहे. रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात. शिक्षकाकडून उपग्रहापर्यंत ३६,००० आणि तिथून खाली विद्यार्थ्यापर्यंत ३६,०००, मिळून ७२,००० किलोमीटर. ७२,००० भागिले ३,००,००० म्हणजे ०.२४ सेकंद. शिक्षकानं विचारलं "कळलं का?" आणि विद्यार्थ्यानं क्षणात "नाही" म्हटलं, तरी ते "नाही" शिक्षकाला जवळजवळ अर्ध्या सेकंदानं ऐकू येतं. तेवढ्यात शिक्षक पुढं बोलायला लागलेला असतो, दोघांचे आवाज एकमेकांवर आदळतात आणि विद्यार्थी गप्प बसतो. म्हणून उपग्रहावरून शिकवणाऱ्यांना प्रश्न विचारून थांबायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे 'कंट्रीवाइड क्लासरूम' हे कार्यक्रम दूरदर्शनवर लागू लागले. पुणे विद्यापीठातल्या केंद्रातही असे कार्यक्रम तयार होत. वाट अजून एकेरीच होती. १९९६ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यात इस्रोनं दीडशे गावांत संच बसवले आणि तालुक्याच्या ठिकाणांहून उलट बोलण्याची सोय केली. खाली येताना चित्र आणि आवाज, वर जाताना फक्त आवाज. २० सप्टेंबर २००४ ला खास शिक्षणासाठीचा एज्युसॅट उपग्रह सोडला गेला, तेव्हा आधीच्या चाचणीत कर्नाटक आणि मध्य प्रदेशच्या तंत्रविद्यापीठांबरोबर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ होतं. आता वर्गातून थेट प्रश्न विचारता येत होता.

तरी एक अडचण राहतेच, आणि ती तंत्राची नाही. शंभर केंद्रांवर प्रत्येकी चाळीस विद्यार्थी बसले तर श्रोते झाले चार हजार. एका तासात पंधरा मिनिटं प्रश्नांना ठेवली आणि एका प्रश्नोत्तराला दीड मिनिट धरलं, तर दहा प्रश्न होतात. तीन हजार नऊशे नव्वद जणांचे प्रश्न मनातच राहतात. वाट दुहेरी झाली तरी ती एका माणसापाशी येऊन अडते.

आयआयटी मुंबईचे दीपक फाटक यांनी शिक्षकांच्या मोठ्या दूर-कार्यशाळा घेतल्या, तेव्हा यावर नीट विचार केलेला दिसतो. व्याख्यान पवईहून थेट जाई, पण प्रत्येक केंद्रावर आधी पवईत येऊन तयार झालेला एक स्थानिक समन्वयक असे आणि प्रात्यक्षिकं त्याच्या देखरेखीखाली होत. बहुतेक शंका केंद्रावरच मिटतात, उरलेल्याच वर जातात. साइटमधल्या १२ दिवसांच्या प्रशिक्षणाचीच ही रचना.

४. शेवटच्या बाकापर्यंत

आता उपग्रहावरून एका खोलीत येऊ. विद्यापीठातला वर्ग, साठ-सत्तर विद्यार्थी, समोर नवाकोरा डिजिटल फळा. या वर्गात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट कुठली? आवाज.

आवाजाची पातळी डेसिबल या एककात मोजतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की पातळी सुमारे सहा डेसिबलनं उतरते. शिक्षक जरा मोठ्यानं बोलतो तेव्हा एका मीटरवर ६५ डेसिबल धरू. दोन मीटरवर ५९, चार मीटरवर ५३, आठ मीटरवर, म्हणजे शेवटच्या बाकाशी, ४७. बंद खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज यात थोडी भर घालतो, पण तोच शब्दांची टोकं एकमेकांत मिसळवतो. आता रायपूरचा एप्रिल आणा. पंखे पूर्ण वेगानं, खिडक्या उघड्या, बाहेर रस्ता. वर्गातला गोंगाट सहज ५० डेसिबलवर जातो. शब्द स्पष्ट कळायचे तर बोलणं गोंगाटापेक्षा १५ डेसिबलनं वर असावं लागतं. इथं ते तीननं खाली आहे. शेवटच्या बाकावरचा मुलगा दुर्लक्ष करतो असं आपण म्हणतो, पण त्याच्यापर्यंत 'क' आणि 'प' यांतला फरकच पोचत नसतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या वर्गाला डिजिटल फळ्याच्या आधी एक बरा कॉलर माइक आणि मागच्या भिंतीजवळ दोन स्पीकर द्यावेत. आणि दुसरा एक माइक विद्यार्थ्यांमध्ये फिरता ठेवावा, कारण पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलेला प्रश्न मागच्या चाळीस जणांना ऐकूच येत नाही आणि मग शिक्षकाचं उत्तर त्यांच्यासाठी अर्थहीन ठरतं.

डोळ्यांचा हिशेबही असाच आहे. अंतराच्या दोनशेव्या भागाइतकी अक्षराची उंची असावी. आठ मीटरवरून वाचायचं तर चार सेंटीमीटर. पुस्तकाचं पान जसंच्या तसं पडद्यावर टाकलं की हा नियम मोडतो.

प्रोजेक्टरबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. दिव्याच्या प्रोजेक्टरचं आयुष्य तीन-चार हजार तास असतं. दिवसाला सहा तास आणि वर्षाला १८० दिवस धरले तर १,०८० तास होतात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या वर्षी दिवा बदलायचा. पण तो त्याआधीच जातो, कारण उष्णता. दिवा थंड ठेवणारा पंखा हवा जाळीतून ओढतो आणि जाळी धुळीनं बंद झाली की दिवा शिजतो. रायपूरच्या उरला आणि सिलतरा भागांत स्पंज आयर्नचे कारखाने आहेत, काळी धूळ या शहराला नवी नाही. उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तिथं जाळी दर महिन्याला झाडणारा माणूस खरेदीच्या यादीतल्या कुठल्याही यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे, पण त्याच्यासाठी रक्कम बाजूला काढलेली क्वचितच दिसते.

५. दांड्या पूर्ण, नेट बंद

"मोबाइलवर वाय-फायच्या सगळ्या दांड्या दिसतात, मग व्हिडिओ का अडकतो?" कॅम्पसवरच्या प्रत्येक मुलाचा हा प्रश्न आहे.

त्या दांड्या फक्त एवढंच सांगतात की तुमच्या मोबाइलला भिंतीवरचा राउटर नीट ऐकू येतो. राउटरच्या मागं किती गर्दी आहे हे त्या सांगत नाहीत. मोठ्या संस्थांपर्यंत येणारी तार आता बरीच जाड आहे. मार्च २०१० मध्ये केंद्रानं ५,९९० कोटी रुपयांचं राष्ट्रीय ज्ञानजाळं मंजूर केलं आणि विद्यापीठं, प्रयोगशाळा, एनआयटींसारख्या संस्था वेगवान फायबरनं जोडल्या गेल्या. अडतं ते शेवटच्या वीस-तीस मीटरवर.

राउटर हा वाडीतला एकच सार्वजनिक नळ समजा. एका वेळी एकच घागर भरते. इतक्या झपाट्यानं पाळी फिरते की सगळे एकदम भरत आहेत असं वाटतं. राउटरमधून प्रत्यक्षात सेकंदाला १२० मेगाबिट माहिती जाते असं धरू. मेगाबिट हे माहितीचं माप. साठ विद्यार्थी जोडले गेले की प्रत्येकाला दोन मेगाबिट. चांगल्या व्हिडिओला तीन लागतात. म्हणजे सगळ्यांनी एकदम व्हिडिओ लावला की सगळ्यांचाच अडकणार.

त्यात आणखी एक बारकावा आहे. भिंतीपलीकडे बसलेल्या मुलीच्या मोबाइलला संदेश क्षीण मिळतो, म्हणून राउटर तिच्याशी सावकाश बोलतो. जवळच्या मोबाइलला सहा मेगाबिट द्यायला सेकंदाचा विसावा भाग पुरतो. तिला तेवढंच द्यायला पूर्ण सेकंद लागतो. नळाची धार तिच्या घागरीपुरती बारीक होते, आणि मागची सगळी रांग खोळंबते. उपाय म्हणजे खोलीगणिक कमी ताकदीचे जास्त राउटर, आणि ते एकमेकांच्या आड येणार नाहीत अशा वेगवेगळ्या पट्ट्यांवर लावलेले. जुन्या प्रकारच्या वाय-फायमध्ये अशा स्वतंत्र पट्ट्या तीनच असतात, त्यामुळे नुसते राउटर वाढवले तर गोंधळही वाढतो. नेटवर्क सांभाळणाऱ्याचं कौशल्य इथं कामी येतं.

६. कॅम्पस लागतोच का?

सगळं पडद्यावर येत असेल तर इमारती कशाला, असा प्रश्न आता बरेच जण विचारतात. याचं एक उत्तर छत्तीसगडनंच देशाला दिलं, तेही फार त्रासातून.

राज्य १ नोव्हेंबर २००० ला झालं. २००२ मध्ये खासगी विद्यापीठांचा कायदा आला. त्याखाली नुसत्या अधिसूचनेनं विद्यापीठ स्थापन करता येत होतं, आणि बघता बघता ११२ विद्यापीठं उभी राहिली. उभी राहिली म्हणजे कागदावर. अनेकांना इमारत नव्हती, प्रयोगशाळा नव्हती, ग्रंथालय नव्हतं. एखाद-दुसऱ्या खोलीच्या पत्त्यावर पदवी देण्याचा अधिकार आला होता. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या अर्जदारांत पहिलं नाव होतं प्रा. यश पाल. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयानं कायद्याची ती कलमं रद्द केली. ती विद्यापीठं संपली, आणि शिकत असलेल्या मुलांचं नुकसान होऊ नये म्हणून राज्यातल्या विद्यापीठांशी संलग्नतेची वाट ठेवली गेली.

त्याच्या तीस वर्षं आधी याच भागात भिंतींशिवाय, आकाशातून शिक्षण पोचवणारे यश पालच इथं प्रयोगशाळा आणि ग्रंथालयाच्या बाजूनं उभे राहिले. मला यात विसंगती दिसत नाही. उपग्रहाच्या प्रयोगात गावागावात माणूस होता, नोंद होती, शिक्षकाच्या हाती पुस्तिका होती. एका खोलीच्या विद्यापीठात विद्यार्थ्याचा प्रश्न घेऊन जायला कोणीच नव्हतं. कॅम्पस म्हणजे प्रयोग फसल्यावर शेजारी उभा असलेला प्रयोगशाळा सहायक, तास संपल्यावर दारात गाठता येणारे सर, आणि रात्री होस्टेलात ते गणित पुन्हा समजावणारी मैत्रीण.

७. बाजारातला धडा

२०२० च्या टाळेबंदीत कॅम्पस बंद झाले. छत्तीसगड सरकारनं ७ एप्रिल २०२० ला 'पढई तुंहर दुआर' हे शाळांसाठीचं पोर्टल सुरू केलं. पण जिथं नेटच नाही तिथं पोर्टल काय करणार? तिथं निघाली 'बुलटू के बोल' ही युक्ती. बुलटू म्हणजे ब्लूटूथ. आठवडी बाजाराला आलेल्या पालकांच्या मोबाइलमध्ये धड्यांचं ध्वनिमुद्रण ब्लूटूथनं टाकून द्यायचं, आणि ते घरी नेऊन मुलांना ऐकवायचं.

या युक्तीमागचं गणित पक्कं आहे. दहा मिनिटांचं साधं ध्वनिमुद्रण सुमारे ५ मेगाबाइटचं होतं. तेवढाच व्हिडिओ, अगदी हलका केला तरी, ३७-३८ मेगाबाइटचा. ब्लूटूथनं सेकंदाला एक मेगाबिट जातं असं धरलं, आणि आठ बिटांचा एक बाइट, तर ध्वनीला चाळीस सेकंद, व्हिडिओला पाच मिनिटं. भाजी घेता घेता धडा मोबाइलमध्ये येतो. विद्यापीठांनाही हे उचलता येईल. व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण आणि फळ्याचे चार फोटो एवढं दिलं, तर डोंगराळ भागातून आलेला विद्यार्थी सुट्टीत गावी गेला तरी मागं पडत नाही.

प्रश्न परत न्यायची सोय ब्लूटूथमध्ये नव्हती. ती 'पढई तुंहर पारा'तून झाली. पारा म्हणजे वस्ती. वस्तीतच मोकळ्या जागी, थोड्या मुलांना घेऊन स्वयंसेवक आणि शिक्षक बसू लागले.

८. हात वर न करणारे

शेवटी पुन्हा साठ जणांच्या वर्गात येऊ. माइक आहे, पडदा स्वच्छ आहे, नेट चालतं. शिक्षक विचारतात, "काही शंका?" कोणी हात वर करत नाही. सगळ्यांना समजलं असं समजून धडा पुढं जातो.

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक मझूर यांना १९९० च्या सुमारास लक्षात आलं की त्यांचे विद्यार्थी अवघड गणितं सूत्रानं सोडवतात, पण साध्या कल्पनेचा प्रश्न आला की चुकतात. त्यांनी तासाची रीतच बदलली, आणि ती रायपूरच्या कुठल्याही वर्गात उद्यापासून वापरता येईल.

उदाहरण घेऊ. प्रत्येक विद्यार्थ्याकडे चार रंगांच्या पत्त्या आहेत. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वांत उंच पोचतो, त्या क्षणी त्याचं त्वरण किती? लाल पत्ती : शून्य. हिरवी : खालच्या दिशेनं, नेहमीइतकंच. पिवळी : वरच्या दिशेनं. निळी : सांगता येत नाही. एक मिनिट प्रत्येकानं गप्प बसून विचार करायचा आणि मग सगळ्यांनी एकदम पत्ती छातीशी धरायची. एकदम धरायची, म्हणजे शेजाऱ्याचं बघून रंग बदलता येत नाही, आणि छातीशी, म्हणजे मागच्याला दिसत नाही. समजा साठातल्या २४ जणांनी हिरवी धरली, ३० जणांनी लाल. बरोबर उत्तर चाळीस टक्क्यांचं. मझूर यांची रीत अशी की बरोबर उत्तरं तीस टक्क्यांपेक्षा कमी असतील तर मुद्दा पुन्हा शिकवायचा, सत्तरच्या वर असतील तर थोडक्यात सांगून पुढं जायचं, आणि मधे असतील तर वेगळ्या रंगाचा शेजारी गाठून त्याला पटवायला सांगायचं. तीन मिनिटं वर्गात कलकलाट होतो. वेग शून्य झाला म्हणून त्वरण शून्य होत नाही, नाहीतर चेंडू वरच टांगून राहिला असता, हे शिक्षकाऐवजी बाकावरची मुलगीच शेजाऱ्याला सांगते. मग पुन्हा पत्त्या.

यासाठी बटणांची यंत्रं मिळतात, मोबाइलची अ‍ॅप्स आहेत. छापील खुणांची कार्डं वाटून शिक्षकाच्या एकाच मोबाइलच्या कॅमेऱ्यानं सगळ्या वर्गाची उत्तरं टिपायचीही सोय आहे. विद्यार्थ्याकडे काहीच यंत्र लागत नाही. रंगीत कार्डशीटच्या पत्त्या मात्र वर्गभर मिळून काहीशे रुपयांत होतात, त्यांना वाय-फाय लागत नाही आणि वीज गेली तरी चालतात.

दुसऱ्या फेरीत ५१ हिरव्या आल्या. नऊ जण अजून लाल धरून बसले आहेत, आणि त्यांतले सहा मागच्या दोन बाकांवर आहेत. त्यांच्याकडे तास संपल्यावर जायचं, आणि पुढच्या तासाला त्यांना पंख्यापासून दूर, पुढं बसवायचं.